लोकेशन टाक म्हणणाऱ्या सगळ्यांना



मागच्या रविवारी आम्ही चौघं मित्र तीन गाड्या घेऊन नंदगडच्या पलीकडच्या डोंगरात फिरून आलो. रात्री घरी येऊन स्टेटसला पाच फोटो टाकले आणि झोपलो. सकाळपासून जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही. शाळेतले, कॉलेजातले, मेव्हण्याच्या ऑफिसातले, पुण्यात जाऊन वीस वर्षं झाली तरी "आम्ही बेळगावचे" म्हणणारे, सगळ्यांचं एकच. लोकेशन टाक. पिन टाक. एकानं तर सरळच लिहिलं, "भावा, ट्रॅकची फाईल पाठव, पुढच्या शनिवारी आमच्या अकरा गाड्या निघाल्यात."

अकरा गाड्या!

पिन मी कुणालाच पाठवलेली नाही आणि पाठवणारही नाही. एकेकाला कारण सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून इथं एकदाच सविस्तर लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ दे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ड्राइव्हविषयी. फोटो बघून ज्यांना काहीतरी थरारक वाटलं त्यांची निराशा करतो, कारण वाट सोपी आहे. अगदी सोपी. बेळगावहून सकाळी सहाला निघालो, खानापुरात मलप्रभेचा पूल ओलांडला, तिथून दहा-बारा किलोमीटरवर नंदगड. बाजारात चहा घेतला, भजी घेतली. गावातनं बाहेर पडल्यावर थोड्या वेळानं डांबर संपतं आणि तांबडी माती सुरू होते. तिथं थांबून टायरची हवा 35 वरून 25 वर आणली. बस्स, तेवढीच तयारी. नवीन मंडळींसाठी सांगतो, हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरून बसतो, दगडाला चिकटतो, आणि आत बसलेल्यांच्या कमरेलाही आराम पडतो. परत डांबराला लागलं की हवा भरायची, विसरायचं नाही.

पुढं सात-आठ किलोमीटर कच्ची वाट. दोन ओढे, जानेवारीत दोन्हींत घोट्याएवढं पाणी. एक चढ सुट्या दगडांचा, तिथं लो रेंज टाकून पहिल्या गिअरवर गाडी नुसती सोडून द्यायची, ॲक्सिलरेटरला पाय लावायचीसुद्धा गरज नाही, ती आपली चालत्या म्हशीसारखी चढते. एकीकडं भाताची कापून झालेली खाचरं, भाताच्या गंज्या, दुसरीकडं झाडी. वर पोचलो की माळ आणि माळाच्या कडेला गवळी धनगरांची चार घरं. उन्हात बसून भाकरी-खर्डा खाल्ला, वरून भीमगडच्या बाजूच्या रांगा बघितल्या आणि दुपारी परत फिरलो. जायला दोन तास, यायला दीड. गाडीला एक ओरखडा नाही. आमच्या निपाणीच्या मित्राची ही पहिलीच वेळ होती, त्याची जिम्नी नवी कोरी, आणि तोसुद्धा शेवटी एका हातानं चालवत होता.

तर अशी सोपी वाट. मग एवढी गुप्तता कशाला, असं तुम्ही विचारणार.

मला सांगायचंय ते हेच, की वाट सोपी का आहे याचा विचार आपल्यातलं कुणी करत नाही. आपल्याला वाटतं आपली गाडी भारी. फोर बाय फोर, डिफरन्शियल लॉक, मोठे टायर. मी नंदगडचा. माझ्या लहानपणी याच वाटांवरनं वडाप चालायचं. कमांडर नाहीतर ट्रॅक्स, आत चौदा-पंधरा माणसं, मागं पायरीवर तिघं उभे, टपावर भाताची पोती, कोंबड्यांची डालगी आणि एखादा सायकलसकट पोरगा. त्या गाड्यांना फोर बाय फोर कुठलं? मागची दोन चाकं फिरायची तेवढीच. पण ड्रायव्हरला प्रत्येक दगड तोंडपाठ. चढ आला की पायरीवरचे तिघं आपणहून उतरून ढकलायचे आणि वर गेल्यावर पळत येऊन परत चढायचे. तिकीट त्यांना पूर्णच. याला त्या वेळी कुणी ऑफ-रोडिंग म्हणत नव्हतं. बाजाराला जाणं म्हणायचे.

आणि त्या वाटा टिकायच्या, त्याचं कारण मे महिन्यात दिसायचं. मृग लागायच्या आधी वाडीतली माणसं फावडी, टिकाव, पाट्या घेऊन निघायची. वाटेवर आडवे तिरपे चर मारायचे, म्हणजे पावसाचं पाणी वाटेनं खाली धावत न सुटता दर थोड्या अंतरावर बाजूला झाडीत निघून जातं. चराच्या खालच्या अंगाला दगड लावायचे. ओढ्याच्या काठाला जिथं चाकं उतरतात तिथं मोठे दगड बसवून फरसबंदीसारखं करायचे. कुणी पगार देत नव्हतं, पंचायतीचा माणूस फिरकत नव्हता. दोन दिवस काम, घरटी एक माणूस, दुपारी एकाच्या घरी आमटी-भात. रविवारी जाताना बघितलं, त्या वाटेवरचे चर अजून तसेच आहेत. तुमच्या फोटोतल्या त्या "नॅचरल स्टोन स्टेप्स" कुणाच्या तरी आज्यानं बसवल्यात.

आता माती बघा. खानापूरची माती कशाला प्रसिद्ध? कौलांना आणि कुंभारकामाला. ज्या मातीचे माठ होतात ती चिकणमाती कोरडी असताना सिमेंटसारखी आणि ओली झाली की लोण्यासारखी. निपाणीचा मित्र त्यांच्याकडच्या काळ्या रानाची तारीफ सांगत होता, पावसात बैल रुततो वगैरे. खरं आहे. पण काळं रान सपाटीवर असतं. आमच्याकडं हीच चिकट माती उतारावर आहे, आणि आमच्या पश्चिम भागात पाऊस असा पडतो की चार महिने आकाश दिसत नाही. त्या मातीत जुलै महिन्यात खाचेखाचेचे मोठे टायर नुसते दहा सेकंद जागच्या जागी फिरवा. वीतभर खड्डा. मागनं दुसरी गाडी त्याच खड्ड्यात, हातभर. पाचव्या गाडीला चाकोरी तयार. मग ती चाकोरी आडव्या चराला तोडून पुढं जाते आणि सगळं पाणी चर सोडून चाकोरीतनं धावतं. वर्षानुवर्षं साचलेलं काम एका दुपारी गेलं. पुढच्या पावसाळ्यात तिथं वाट नसते, ओहोळ असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. रविवारी बघून आलोय.

दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडं वाटेवर एक लाकूड आडवं टाकलं होतं. चांगलं मांडीएवढं जाड, दोन्ही बाजूंना दगड रचलेले. म्हणजे पडलेलं नव्हे, मुद्दाम टाकलेलं. आमचा थारवाला मित्र उतरला, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, "चौघं आहोत, उचलून बाजूला टाकू. रस्ता काय कुणाच्या बापाचा?"

मी म्हटलं थांब. लाकूड टाकलंय म्हणजे टाकणारा जवळच असणार. वर चालत गेलो तर शंभर पावलांवर एक म्हातारे मामा म्हशी राखत बसलेले. राम राम केला. गाव विचारलं, नंदगड सांगितलं, कुणाचा ते सांगितलं. आमच्या चुलत्याचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल पडला.

"मग बाळ, गाड्या घेऊन हिकडं काय करूलालाय?"

"फिरायला आलोय मामा. लाकूड तुम्ही टाकलंय काय?"

"म्या न्हाई, पोरांनी. पावसात गाड्या आल्या. पंधरा हुत्या का सतरा, कोण मोजतंय. गाणी लावून आले. रुतली की दोरी लावून वढायची, आणि वढून झालं की परत त्याच चिखलात घालायची. म्या म्हटलं, वो साहेब, बाजूनं कोरडी वाट हाय की. तर म्हणाले, मामा, कोरडं नकोच आमाला."

कोरडं नकोच आम्हाला. हे वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातनं जाईना झालंय.

मामांचा मुलगा रोज पहाटे दुधाचे दोन कॅन मोटारसायकलला अडकवून खाली येतो. त्या गाड्या येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी अंधारात त्याचं चाक त्या चाकोरीत गेलं. दूध सांडलं ते सांडलं, घोटाही मोडला. दीड महिना प्लास्टर. तेवढे दिवस सून आणि मामा डोक्यावर कॅन घेऊन दोन ओढे ओलांडून दूध पोचवत होते. मामांचं वय सत्तरच्या पुढं असेल. सांगताना आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. "पोरं म्हणाली लाकूड टाकूया, म्हटलं टाका," एवढंच.

लाकूड शेवटी त्यांनीच बाजूला करायला लावलं आणि आम्ही चौघांनी केलं. जाताना त्यांनी विचारलं, वर जाताय तर पेंडीची दोन पोती नेताय काय, खाली झाडाखाली पडल्यात चार दिवस. जिप्सीच्या मागच्या बाजूला घातली. परत येताना लाकूड होतं तिथं जसंच्या तसं ठेवून आलो. यावरून गाडीत जरा वाद झाला. थारवाल्याचं म्हणणं, सरकारी जमिनीवर असं वाट अडवणं बेकायदेशीर आहे. असेलही. त्याला मी एवढंच विचारलं की पंधरा-सतरा गाड्यांची तक्रार त्या मामांनी कुठं जाऊन कुणाकडं करायची, आणि कुठल्या भाषेत लिहून? त्यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे.

आता तुमच्या मेसेजमधल्या मुद्द्यांवर येतो.

"तू गेलास ते चालतंय, आम्ही नको काय?" प्रश्न रास्त आहे. माझा जन्म तिथला म्हणून मला जास्त हक्क, असं मी म्हणणार नाही. तीन गाड्या जानेवारीत कोरड्या वाटेवरनं हळू गेल्या तर मातीला काही होत नाही, मग त्या माझ्या असोत नाहीतर तुमच्या. अडचण पिनची आहे. पूर्वी वाट कळायची ती तोंडी. "नंदगडात जा, बाजारात विचार, कुणीतरी सांगेल." म्हणजे तुम्हाला थांबावं लागायचं. गाडीची काच खाली करावी लागायची. दोन माणसांशी बोलावं लागायचं, आणि ती माणसं तुमच्याकडं बघून ठरवायची की याला वर पाठवायचं की "वाट बंद हाय वो" म्हणून परत लावायचं. परवा पाऊस झालाय, ओढ्याला पाणी आहे, वर कुणाच्या घरात मयत झालंय, हत्ती फिरतोय, असं सगळं त्या दोन मिनिटांत कळायचं. पिन आली की हे विचारणंच बंद होतं. काच वर, एसी चालू, निळा ठिपका बघत माणूस थेट मामांच्या म्हशींत जाऊन उभा राहतो. एकाला दिलेली पिन संध्याकाळपर्यंत तीनशे जणांच्या ग्रुपवर असते हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

आमच्या नंदगडला वाट सांगण्याचा अनुभव जुना आहे. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला आमच्या गावाजवळ वडाच्या झाडाला फाशी दिलं, ती जागा बघायला आजही लोक येतात. कित्तूरच्या राणीसाठी लढणारा हा माणूस याच खानापूरच्या रानातनं इंग्रजांना पळवत होता आणि फौजेला सापडत नव्हता. सापडला तो दग्यानं, ओळखीच्या माणसांनी घात केला म्हणून. माझी आजी सांगायची, रानात माणूस वाट चुकल्यानं मरत नाही, वाट सांगितल्यानं मरतो. (आजीला इतिहासातलं काही वाचायला येत नव्हतं, पण वडाखालनं जाताना चप्पल काढायची.)

दुसरा मुद्दा, "पर्यटन वाढलं तर गावाला पैसे मिळतील." मिळाले तर मला आनंदच आहे. पण हिशोब बघा. डिझेल बेळगावात भरलं. पाण्याचे कॅन बेळगावातनं. चिप्स, भडंग, कुंदा बेळगावातनं. टेंट आणि चारकोलची पिशवी ऑनलाइन. नंदगडला आमचा खर्च झाला तो चहा-भज्यांचा. वर त्या घरातल्या मावशींनी चौघांना तांब्याभर ताक दिलं, पैसे घ्यायला तयार नाहीत, शेवटी लहान पोराच्या हातात बळंच शंभराची नोट कोंबली. यात गावाचा विकास कुठं झाला? ज्याला खरंच पैसे जावेत असं वाटतं, त्यानं नंदगडातला एखादा माणूस दिवसाच्या मजुरीवर सोबत घ्यावा, जेवण तिथं सांगावं, आधी फोन करून. दहा जणांचं जेवण म्हणजे एका घराला आठवडाभराचा बाजार. हे मी मागं दोनदा केलंय आणि आपल्या डब्यापेक्षा ते जेवण कैक पटीनं चांगलं असतं.

तिसरा मुद्दा आमच्या थारवाल्याचाच. "एवढं आहे तर रस्ताच पक्का करून मागावा की त्यांनी." मागतायत की! आयुष्य गेलं मागण्यात. नंदगडच्या आसपास निदान मागायची सोय तरी आहे. जरा पश्चिमेला जा. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, साधारण 190 चौरस किलोमीटरचं. आत गवाळी, तळेवाडी, कोंगळा, पास्टोली, देगाव, कृष्णापूर, आमगाव अशी मराठी बोलणारी गावं. अभयारण्य म्हटलं की डांबर नाही, विजेचे खांब सहजी नाहीत, पावसाळ्यात नाल्यावर लाकडाचा साकव आणि बाकी देवाची कृपा. देगावच्या रानात म्हादई उगम पावते. त्या म्हादईच्या पाण्यासाठी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र लवादापुढं वर्षानुवर्षं भांडले, 2018 साली निवाडा आला, तरी भांडण चालूच आहे. तीन राज्यांना पाणी हवंय. उगमापाशी राहणाऱ्याला दवाखान्यापर्यंत जायला वाट मात्र कुणी देईना.

2024 च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला गावातल्या माणसांनी लाकडाची डोली करून, खांद्यावर घेऊन, भर पावसात रानातनं चालत आणलं, पुढं ॲम्ब्युलन्स उभी होती तिथवर. त्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, इथल्या कित्येकांनी हात जोडलेली चिन्हं टाकून पुढं पाठवलाय. तो व्हिडिओ परत एकदा बघा आणि माणसं कशावरनं चालतायत ते बघा. चिखल, वाहतं पाणी, निसटते दगड. आपण ज्याला "टेरेन" म्हणतो ते.

त्यानंतर स्थलांतराला जोर आला. गाव सोडून बाहेर यायला तयार असलेल्या कुटुंबाला 15 लाख रुपये, असं सरकारनं ठरवलं, आणि 2025 मध्ये तळेवाडीतल्या 27 कुटुंबांपासून सुरुवात झाली. घ्यावेत की न घ्यावेत, हा त्यांचा प्रश्न आहे. बेळगावात बसून त्यावर मत देणारे खूप आहेत, मला त्यात पडायचं नाही. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना बघून जे निघाले त्यांना नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही, आणि देव तिथं आहे, थडगी तिथं आहेत म्हणून जे थांबले त्यांनाही. मला फक्त एक आकडा खुपतो. माझ्या मित्राची थार रस्त्यावर यायला साधारण तेवढेच पडले. असल्या वाटेवर दिवसभर मजा करायला आपण 15 लाख देतो, आणि तसल्याच वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला ती सोडायचे 15 लाख मिळतात.

हे लिहिलं म्हणून मी गाडी विकणार नाही. उगाच साधूपणाचा आव आणत नाही. मला ही वाट आवडते. लो रेंजमध्ये गाडी चढताना इंजिनाचा तो संथ आवाज, खिडकीतनं येणारा वाळलेल्या गवताचा वास, पुढच्या गाडीनं ब्रेक लावला म्हणून आपणही थांबून बाहेर बघतो तर समोर गवे निवांत चरतायत, यासाठी मी आठवडाभर ऑफिसात मान मोडतो. रविवारी निपाणीचा मित्र माळावर जाऊन अर्धा तास काही न बोलता बसला होता. त्याच्या घरी गेल्या वर्षी काय झालं ते आम्हाला माहीत आहे. उठताना म्हणाला, "परत यायचं." एका सोप्या वाटेनं माणसाला एवढं दिलं तर आणखी काय पाहिजे? म्हणूनच तर ती वाट सोपी राहायला पाहिजे. चिखल उडवायचाच असेल तर त्यासाठी पैसे भरून ट्रॅक असतात, शेतकऱ्याला भाडं देऊन स्वतःचं रान घेता येतं, तिथं आडवे-तिडवे लोळा, कोण विचारतंय.

आणि ज्यांना नुसतं रान बघायचंय त्यांना पिनची गरजच काय? खानापूरहून हेम्माडगामार्गे अनमोडला जाणारा रस्ता आहे, भर जंगलातनं जातो, दिवसाउजेडी जा, नाक्यावर विचारून जा, कुठं थांबू नका, हॉर्न मारू नका. जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाट आहे. हलशीला जा, कदंबांच्या वेळचं भुवराह नरसिंहाचं देऊळ बघा, तिथनं नंदगडला आडरस्त्यानं या. साधी अल्टो नेली तरी चालेल. राखीव जंगलात आणि अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय गाडी घालायची नसते, ते कायद्यानं गुन्हा आहे, आणि "गुगलवर रस्ता दिसत होता" हे उत्तर वनखात्याचा गार्ड ऐकून घेत नाही. त्याचं बरोबरच आहे.

एक गोष्ट राहिली. आमच्या थारवाल्याच्या फोनवर रविवारचा सगळा ट्रॅक रेकॉर्ड झालाय. तो एका मोठ्या ग्रुपमध्ये आहे, नाव लिहीत नाही. मी त्याला फोन करून म्हटलं, पुसून टाक. तो म्हणाला, बघतो. परवा परत फोन केला, उचलला नाही. पंचवीस वर्षांची दोस्ती आहे, हायस्कूलला एकाच बाकावर होतो, माझ्या वडलांच्या तिरडीला खांदा दिलाय त्यानं. तो ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. बाबा रे, तुला सगळ्यांसमोर बोलायची माझी इच्छा नव्हती, म्हणून नाव घेतलेलं नाही. पण ती फाईल बाहेर गेली तर पुढच्या पावसाळ्यात त्या पोराचा दुसरा घोटा आहे, हे लक्षात ठेव.

ज्यांना खरंच ती वाट बघायचीय, त्यांच्यासाठी. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मी वर जाणार आहे. मामांच्या पोरांशी बोलणं झालंय. पावसात गाड्यांनी तोडलेले चर परत मारायचे आहेत आणि दुसऱ्या ओढ्याच्या काठाला दगड बसवायचे आहेत. तीन गाड्या, बारा माणसं, जास्त नकोत. फावडी दोन आहेत माझ्याकडं, टिकाव एक, पाट्या आणा कुणीतरी. जेवण वरच्या घरी सांगितलंय, माणशी दीडशे रुपये, ताक वेगळं. ज्यांच्या गाडीत मागं मोठा स्पीकर बसवलाय त्यांनी तो काढून या, पेंडीच्या पोत्यांना जागा लागते.